चमच्यावरची चर्चा

मालवणात आमचं एक चित्रपट मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पंधरा-वीस माणसं जमतात, थिएटरात कधी न लागणारा एखादा लहानसा सिनेमा बघतात, आणि सिनेमा चालला त्याहून जास्त वेळ त्यावर बोलतात. मी तारकर्लीत खाणावळ चालवते. मंडळात आहे ती एवढ्यासाठीच, की अशा तीन सिनेमांत माझा धाकटा भाऊ सर्वेश आहे. नाहीतर रविवारची गिऱ्हाईकं सोडून कोण मरायला जातंय तिथे.

काल त्याचा तिसरा दाखवला. खूप वर्षांनी घरी आलेला माणूस, म्हणजे सर्वेश, आईसमोर जेवायला बसतो. बांगड्याचं तिखलं आणि भात. ते तो चमच्याने खातो, तेही डाव्या हाताने.

चर्चा त्या चमच्यावरच अडकली. नाना निवृत्त मुख्याध्यापक, बोलायला लागले की घंटा झाल्याशिवाय थांबत नाहीत. म्हणाले, "तो चमचा म्हणजे तुटलेपण. हा माणूस घरच्या जेवणात बोटं बुडवूच शकत नाही." योगिनी कॉलेजात शिकवते. तिला सर्वेशचा पहिल्या सिनेमातला खलाशीच जास्त आवडतो, "पण संयम बघा इथला. उजवा हात पूर्ण वेळ मांडीखाली." निलेशचं मोबाइलचं दुकान आहे. तो एकटाच म्हणाला, "माका नाय पटला. बांगडो कोण चमच्यान खाता?" सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्याला सिनेमातलं काही कळत नाही म्हणाले.

सर्वेश दशावतारात होता तेव्हा एका हातात आरसा धरून उजव्या हाताने स्वतःच्या भुवया कोरायचा. रेघ कधी हलली नाही. पहिल्या सिनेमात त्याने बांगड्याचा मधला काटा सबंध उचलून बाजूला ठेवलेला मला आठवत होता. दुसऱ्यात मात्र चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. थंडीचा प्रसंग, म्हणून मी सोडून दिलं होतं. आता हा चमचा.

गॅलरीत जाऊन सर्वेशला व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, कसो वाटलो पिक्चर?"

"उजवो हात दाखव."

तो हसला. मी हसले नाही. मग त्याने हात वर केला. बोटं थरथरत होती, थांबतच नव्हती.

"कधीपासून?"

"दीड वरस झाला. गोळये चालू आसत. चमच्याची आयडिया माजीच. ताई, कोणाक सांगू नको. कळला तर काम कोण देतलो माका?"

"नाय सांगणंय. गावाक ये. काटे मी काढून देतंय."

राग आला होता, त्याचा आणि माझाही. तो कप बघूनही मला काही दिसलं नव्हतं.

आत आले तर नाना वाट बघत होते. "भावालाच फोन होता ना? विचारलंत, चमचा दिग्दर्शकाचा की नटाचा?"

"नटाचा."

"ऐकलंस?" नाना निलेशला म्हणाले. "याला म्हणतात अभिनय."

निलेशने मान खाली घातली, म्हणाला, "चुकलाच माजा." अख्ख्या खोलीत एकट्या त्याचंच बरोबर होतं. पण मी सर्वेशला शब्द दिला होता. निलेशच्या शेजारची खुर्ची उचलून भिंतीला लावली.