आवाज उजवीकडे ओढतोय

डेपोत सगळे त्याला पायलट म्हणत. विमान त्यानं आयुष्यात आतून पाहिलं नव्हतं, पण शहरातली बस तो अशी चालवायचा की उभ्या प्रवाशालाही डुलकी लागावी. निवृत्त झाला तरी नाव चिकटलेलंच राहिलं. बायकोसुद्धा वैतागली की "ऐका पायलट" अशी सुरुवात करायची आणि मग पुढचं ऐकण्यात फारसं सुख नसायचं.

निवृत्तीनंतर कोणी बाग लावतो, कोणी सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतो. पायलटला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे घरात स्टिरिओ. हे खूळ जुनं होतं. पूर्वी एकदा तो डेपो मॅनेजरच्या घरी सह्या घ्यायला गेला होता. मॅनेजर त्या दिवशी खुशीत असावा. त्यानं पायलटला खुर्चीत बसवलं, समोरच्या दोन स्पीकरवर गाणं लावलं आणि म्हणाला, "डोळे मिटा." पायलटनं मिटले. तर गाणारी बाई दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, जिथे नुसती रिकामी भिंत होती, तिथे येऊन उभी राहिली! डाव्या हाताला व्हायोलिन, उजव्या हाताला बासरी. त्यानं डोळे उघडले, कोणी नाही. मिटले, बाई हजर. सह्यांचे कागद मांडीवरून घसरून खाली गेले तरी त्याला पत्ता नव्हता.

त्या दिवशीच त्यानं ठरवलं की नोकरी संपली की ती बाई आपल्या घरात आणून उभी करायची. बायकोला त्यानं हे याच शब्दांत सांगितलं, तेव्हा तिनं तोंडातल्या टाचण्या काढून आधी डबीत ठेवल्या आणि मग त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

बायको घरीच मशीनवर शिवणकाम करायची आणि घरच्या तिजोरीची किल्लीही तिच्याकडेच असायची. निवृत्तीचे पैसे आले तसे वाटेला लागले होते. छताची गळती, लेकीची फी, घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते. जे राहिलं त्यातून तिनं थोडे बाजूला काढले, पाकिटात घातले आणि पाकीट त्याच्या हातावर ठेवत म्हणाली, "हे एवढेच. यात बसेल ते घ्या. याच्यापलीकडे गेलात तर तुमच्या त्या बाईलाच धुणीभांडी करायला लावीन."

पाकीट काही फार जाड नव्हतं. मॅनेजरच्या सेटची त्यानं चौकशी केली होती. त्या किमतीत सेकंडहँड रिक्षा आली असती. म्हणून पायलट अभ्यासाला लागला. दिवसभर फोनला डोळे लावून बसायचा. जेवताना बायकोला वॅट समजावून सांगायचा. ॲम्प्लिफायरवर हात आखडता घ्यावा की स्पीकरवर, यावर तो स्वतःशीच वाद घालायचा आणि हरायचासुद्धा. शेवटी बायकोनं चप्पल घातली आणि म्हणाली, "चला दुकानात. नाहीतर मलाच ते वॅट पाठ होतील."

दुकान एका अरुंद गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून होतं. मालक पन्नाशीचा, ढगळ स्वेटर घातलेला, गिऱ्हाईक आलं तरी न उठणारा माणूस. मागच्या खोलीत जाड पडदे लावलेले होते, जमिनीवर गालिचा होता आणि भिंतीशी छतापर्यंत स्पीकर रचलेले. मधे एकच खुर्ची. पायलट त्या खुर्चीवर असा बसला की जणू पहिल्यांदा नवी गाडी हातात मिळाली आहे. बायको दाराशी स्टुलावर टेकली.

पहिला सेट पाकिटात आरामात बसणारा होता. मालकानं गाणं लावलं. पायलटनं डोळे मिटले आणि बाईची वाट पाहू लागला. बाई आली, पण मधोमध नाही. अगदी उजव्या स्पीकरला चिकटून उभी.

"आवाज उजवीकडे ओढतोय," पायलट म्हणाला. चाकं नीट बसवलेली नसली की गाडी जशी एका बाजूला ओढते, तसं त्याला ते वाटलं होतं.

मालकानं बटणं पाहिली. सगळी जागच्या जागी होती. त्यानं दुसरा सेट लावला, किंचित महागाचा. हाही उजवीकडे ओढत होता. तिसरा पाकिटाच्या काठावर बसणारा. तोही तसाच. मग मालकानं बहुधा दुकानाच्या अब्रूखातर सगळ्यात भारी सेट लावला, ज्याची किंमत ऐकूनच बायकोनं पर्स पोटाशी धरली. पायलटनं पुन्हा डोळे मिटले, डाव्या हाताचं व्हायोलिन शोधलं आणि ते त्याला सापडलं नाही.

"तुमच्या दुकानातले सगळे डावे स्पीकर बाद आहेत," त्यानं निकाल देऊन टाकला. "हवा दमट आहे का इथे? की उंदीर आहेत?"

मालकाचा चेहरा पडला. स्पीकरच्या मागे जाऊन त्यानं वायरी उलट्यापालट्या केल्या. डाव्याची उजव्याला, उजव्याची डाव्याला. पुन्हा गाणं लावलं. आवाज उजवीकडेच.

"साहेब," मालक हळूच म्हणाला, "जरा खुर्ची फिरवून बसता? स्पीकरकडे पाठ करून."

पायलटनं कुरकुरत खुर्ची फिरवली. आणि मघापासून मुका असलेला स्पीकर पाठीमागून ठणठणीत बोलायला लागला. ज्याला तो इतका वेळ चांगला म्हणत होता, तो गप्प झाला.

पायलट अडाणी नव्हता. डेपोत एखादा ड्रायव्हर चार गाड्यांची एकच तक्रार घेऊन आला की मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवून विचारायचे, "चारही गाड्या ओढतात? मग आधी ड्रायव्हर तपासू या का?" या विनोदावर तो स्वतः पोट धरधरून हसला होता. त्यानं उजव्या कानात बोट घातलं. गाणं गेलं. पडदे, गालिचा, स्पीकर सगळे होते तिथेच होते, फक्त आवाज कुठेच नव्हता. मग त्याला त्या जुन्या गाड्या आठवल्या. त्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या कुशीलाच असायचं, एका पातळ पत्र्याच्या झाकणाखाली, आणि चढावर ते असं ओरडायचं की कंडक्टरची घंटा दोरी हललेली बघून ओळखावी लागायची. सगळी नोकरी त्यानं तो कान तिथे ठेवला होता.

"अगं," तो बायकोकडे वळून म्हणाला, "माझा डावा कान गेला."

"हो," बायको म्हणाली.

"हो म्हणजे? तुला माहीत होतं?"

"वर्ष होत आलं. रस्त्यानं मी उगाच का तुमच्या उजव्या बाजूनं चालते? जेवायला बसताना जागा का बदलली?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. दोनदा. दोन्ही वेळा डाव्या बाजूनं सांगितलं."

मालकानं घाईनं तोंड फिरवून एक स्पीकर पुसायला घेतला. त्याचे खांदे हलत होते. पायलटला आधी राग आला, मग हसू आलं. कानाचं एवढं नाही. पण ती बाई आता कधीच मधोमध उभी राहणार नव्हती. इतकी वर्षं चढ चढताना, सिग्नलला ताटकळताना, लोकांच्या शिव्या खाताना त्यानं तिला मनात राखून ठेवलं होतं, आणि ती त्याच्या हातून केव्हाच निसटली होती. त्याला फार वाईट वाटलं. पाकीट त्यानं तिथेच बायकोच्या हातात परत दिलं.

कानाच्या डॉक्टरांनीही वेगळं काही सांगितलं नाही. नस थकली होती, यंत्र लावूनही त्या कानात काही उतरणार नव्हतं; दुसरा कान मात्र चांगला होता, तो जपा म्हणाले. पायलट घरी आला. फोन उशीखाली गेला, वॅटचं नाव निघेना. जेवणात मीठ जास्त पडलं तरी तक्रार नाही. बायकोला त्याचीच जास्त काळजी वाटली, कारण मिठावरून कटकट न करता जेवलेला पायलट तिनं आजवर पाहिला नव्हता.

आठवडाभर तिनं हे सहन केलं. मग एके दिवशी मशीनवरून उठली आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"दुकानात. माझा एक सरळ प्रश्न आहे. दोनातला एक स्पीकर तुम्हाला कामाचाच नाही, तर त्याचे पैसे आपण का भरायचे? एकच घेऊ. दोन्हीच्या पैशात एकच, पण भारी. कापड उरलं तर मी गिऱ्हाइकाला परत देते की नाही?"

"अगं, स्पीकर जोडीनं मिळतात. एक कोणी देत नाही."

"विचारायला काय जातं?"

विचारायला ती स्वतःच पुढे झाली. मालकानं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि त्याच्या लक्षात काहीतरी आलं. तो मागच्या माळ्यावर चढला आणि धूळ खाल्लेलं एक खोकं खांद्यावर घेऊन उतरला. आत लाकडी पेटीचा, गुडघ्याएवढा उंच, एक स्पीकर होता. भारी जातीचा. याचा जोडीदार वाहतुकीत पडून फुटला होता आणि एकट्याला कोणी विचारीत नव्हतं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हात लावायचं, हळहळायचं आणि निघून जायचं.

"विकला जाईल असं वाटलंच नव्हतं मला," मालक म्हणाला. "ॲम्प्लिफायर मी जुनाच देतो, दुरुस्त केलेला. दोन्ही बाजूंचा आवाज एकात घालायची सोय आहे त्याला. म्हणजे व्हायोलिन हरवायचं नाही."

किमतीवर बायकोनं थोडी घासाघीस केली. केली नसती तर तिला झोप लागली नसती. त्या पाकिटात सगळं बसलं आणि रिक्षाचं भाडंही निघालं.

पण त्याआधी पायलट त्याच खुर्चीवर बसला होता. त्यानं डोळे मिटायचं टाळलं; मिटले तर भिंतीशी कोणी नसेल, हे त्याला माहीत होतं. मालकानं गाणं लावलं. व्हायोलिन होतं, बासरी होती, दोन्ही एकाच दारातून येत होती, पण येत होती. आणि बाई ओळ संपवून पुढची ओळ धरण्याआधी श्वास घेत होती, तो श्वास त्याला ऐकू आला. मॅनेजरच्या घरी दोन धड कानांनीसुद्धा तो त्यानं ऐकला नव्हता. जे हवं होतं ते हे नव्हतं. पण हेही चांगलं होतं, खरंच चांगलं होतं, आणि पायलटनं ते मनोमन मान्य करून टाकलं. त्याच्या जिवावरचं ओझं उतरलं.

घरी पोचल्यावर खरी गंमत सुरू झाली. पुढची खोली ती केवढी! एका भिंतीला सोफा, खिडकीत शिलाई मशीन, मधे चहाचं टेबल. पायलटनं स्पीकर सोफ्याच्या उजव्या टोकाला, आपल्या चांगल्या कानाशी आणून ठेवला. वायरी जोडल्या, गाणं लावलं आणि हातपाय सैल सोडून बसला. आवाज त्या छोट्या खोलीत दुकानापेक्षा भरून आला. बायको एका परकराची शिवण उसवायला घेऊन त्याच्या डाव्या बाजूला बसली. दुसरीकडे जागा होती कुठे? उजवीकडे आता स्पीकर होता.

दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या मधे त्याची नजर सहज बायकोकडे गेली. तिचे ओठ नुकते मिटत होते. ती काहीतरी बोलली होती, उत्तराची थोडी वाट पाहिली होती आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती. तिला या गोष्टीची सवय झालेली दिसत होती आणि पायलटला ती सवय काळजात टोचली. वर्षभर ही बाजू बदलून चालत आली आणि आपण तिची जागा एका लाकडी पेटीला देऊन बसलो!

तो उठला. त्यानं गाणं थांबवलं, वायरी सोडवल्या आणि स्पीकर उचलून सोफ्याच्या डाव्या टोकाला नेऊन ठेवला.

"अहो, हे काय?" बायको म्हणाली. "तुमचा तो कान बंद आहे ना? तिकडून गाणं कसं ऐकू येणार?"

"समोरच्या भिंतीवर आपटून येईल. थोडं कमी येईल, येऊ दे. तू ऊठ आणि इकडे ये."

"माझं सामान पसरलंय."

"सामान मी आणतो. तू ये."

तो कात्री, रीळ, परकर सगळं गोळा करून घेऊन आला. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली, पाय वर घेऊन, जराशी संकोचून. त्यानं गाणं पुन्हा लावलं. भिंतीवरून येणारा आवाज मघापेक्षा मंद होता आणि बाईचा तो श्वास काही आता सापडत नव्हता. पायलटला त्याची रुखरुख लागली नाही. तो बायकोकडे कान करून बसला.

"मघाशी काय म्हणत होतीस?"

बायकोनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि म्हणाली, "काही नाही हो. आवाज जरा कमी करा म्हणत होते."

पायलटला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. त्यानं उठून आवाज कमी केला.