लाल थर

दगड झालेल्या जुन्या शंखावर रंगाचा थर असतो तो कांद्याच्या सालीएवढा. वर लाल, त्याखाली हिरवा, आणि त्याच्याही खाली नुसता राखाडी दगड. पॉलिशच्या चाकावर एक घासा जास्त बसला की लाल गेला. गेला तो गेलाच.

सकाळपासून माझ्यासमोर असाच एक तुकडा होता. अंगठ्याच्या नखाएवढा, हलवला की निखाऱ्यासारखा पेटणारा. त्यावर केसाएवढा ओरखडा राहिला होता. मी चाक चालू करत होते आणि तुकडा टेकवायच्या आधीच बंद करत होते. उठून पाणी प्यायले. खिडकी उघडली, परत लावली.

"जाऊबाई, बसा की एका जागी. तुम्हाला बघून मलाच घेरी यायला लागली," धाकटी जाऊ म्हणाली. ती पलीकडच्या टेबलावर समुद्राचे ताजे शिंपले निवडत होती.

"तू तुझे शिंपले बघ गं."

माझे हात हल्ली थरथरतात, हे कारखान्याच्या मालकाच्या लक्षात आले होते. हा तुकडा दुपारपर्यंत पुरा झाला नाही तर मी शिंपले निवडायला आणि धाकटी चाकावर, असे त्याने कालच बजावले होते. चाक सुटले तर मी कोण, हेच मला कळत नव्हते.

दुपारी तो आला. तुकडा उजेडात फिरवून म्हणाला, "आणि हा ओरखडा, मावशी?"

"तो काढला तर लाल जाईल. थर संपत आलाय."

"नाचता येईना, अंगण वाकडं." तो हसला आणि धाकटीकडे वळला. "वहिनी, तुम्ही बघा जरा."

मी धाकटीजवळ गेले. "अगं, ऐक माझं. बोटाला कळतं मला. लावू नकोस चाकाला."

"दगड जाईल म्हणून सांगताय, का जागा जाईल म्हणून?" मालकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारले.

दोन्ही खरे होते.

तिने माझ्या जागेवर बसून चाक चालू केले. ओला तुकडा फसवतो, नको तेवढा उजळ दिसतो. म्हणून दर घाशानंतर पुसून बघायचे, हे मीच तिला शिकवले होते. ती टेकवत होती, उचलत होती, फडक्याने पुसून फुंकर मारत होती. मी दारापर्यंत गेले, परत आले. जाऊ दे तो लाल, असे मनात आले. लगेच म्हटले, नको, राहू दे बाई, राहू दे.

चाक थांबले. ओरखडा नव्हता. लाल होता तसाच होता.

"मग ठरल्याप्रमाणे," म्हणत मालक तुकडा डबीत घालून निघून गेला.

"या, तुमच्या जागेवर बसा ना," धाकटी उठत म्हणाली. ती खरेच ओशाळली होती.

"बस तिथेच. हे शिंपले अर्धवट टाकलेस, ते कोण निवडणार?"

मी तिच्या टेबलाशी बसले. एक शिंपला उचलला, ठेवला. दुसरा उचलला. शेवटी राहवेना.

"शेवटच्या घाशाला किती दाबलंस गं?"

"दाबलंच नाही," ती म्हणाली. "नुसता टेकवला."