पंधरा रंगीत गालिचे

सित्रा बेटावरच्या धुलाईखान्यात गालिच्यांचे गठ्ठे उतरले तेव्हा महादेव सणगरनं सगळ्यात आधी खाली वाकून लोकर हुंगली. ती त्याची सवयच होती. म्हसवडला त्याच्या घरात चार पिढ्या घोंगडी विणली गेली. वडील मागावर बसायचे, आई रहाटावर. लोकर कुबटलीय की मेंढीच्या तेलकटपणासकट धड राहिलीय, हे नाकाला आधी कळतं, डोळ्यांना मागून, असं तो सांगायचा. बहारीनमध्ये त्याला अकरा वर्षं झाली होती. गालिचे धुवायचे, उसवलेल्या कडा बांधायच्या, कुरतडलेली जागा मूळ विणीत पुन्हा भरून काढायची, हे त्याचं काम. विकण्याचं दुकान उम्म अल हस्समला होतं. तिथं तो वर्षातून दोनदासुद्धा जात नसे.

त्या दिवशी दुकानातून मसूदा आली होती. मसूदा मोरोक्कोची, चाळिशीची, विक्रीचं काम करायची आणि बुसैतीनला दोन मैत्रिणींबरोबर राहायची. माल तिच्याच देशाचा होता. कुठला गालिचा कुठल्या भागातला, हे बघून प्रत्येकाचं कार्ड लिहायला तिला पाठवलं होतं. सहा वर्षं हिंदुस्थानी माणसांत काम करून ती हिंदी बऱ्यापैकी बोलायची.

"ये सफेद वाला देखो, महादेवभाई," ती म्हणाली आणि तिनं एक जाड, दुधाळ पांढरा गालिचा उलगडला. त्यावर काळपट तपकिरी रेघांच्या चौकटी होत्या, थोड्या वाकड्या. "ये बर्फवाले पहाड़ का. ओढके सोते हैं. रंग नहीं डालते, भेड़ का जो रंग, वही."

महादेवनं लवीत बोटं खुपसली. बोटं पार बुडाली. "हे तर आमच्या घोंगडीसारखंच झालं," तो मराठीतच पुटपुटला. घोंगडीलाही कुणी रंग देत नाही. काळी मेंढी, काळं घोंगडं.

दुसऱ्या गठ्ठ्यातून रंग बाहेर पडले. गुलाबी, हिरवे, निळे ठिपके, कुठे जिना, कुठे हातासारखं काहीतरी. विणणारीच्या मनात त्या दिवशी जे आलं ते तिनं विणलं असावं. हे अझिलालचे, मसूदा म्हणाली, उंच डोंगरातले. तिथं एक बाई दुसरीचं नक्षीकाम उचलत नाही.

मग तिनं तिसरा गठ्ठा सोडला आणि ती बोलायची थांबली. गालिचा पातळ होता, केशरी. मधे मंजिष्ठेच्या तांबड्या पट्ट्या, कुठे लव उभी, कुठे सपाट वीण. लोकर इतकी चमकत होती की महादेवला आधी रेशीम वाटलं.

"ताझनाख्त," ती म्हणाली. "मेरा इलाका. ये पीला केसर से आता है. मेरी अम्मी के हाथ महीनाभर पीले रहते थे."

तिनं गालिचा उलटा केला आणि कोपऱ्यातल्या गाठी बोटानं दाखवल्या. विणणारी डावखुरी होती, हे तिनं त्या गाठींवरून सांगितलं. महादेवनं निरखून पाहिलं. गाठींचं तोंड खरंच दुसरीकडे होतं. इतकी वर्षं या कामात असून त्यानं हे कधी बघितलं नव्हतं. त्याला जरा लाज वाटली.

"बर्बर लोगों का माल एक नंबर," तो कौतुकानं म्हणाला.

"बर्बर दूसरों ने नाम दिया. हम अपने को अमाझिग बोलते हैं."

"अमाझिग," त्यानं नीट म्हणून पाहिलं. ती हसली.

सगळे मिळून चोवीस गालिचे होते. नऊ पांढरे, पंधरा रंगीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीत आला. विनीत पुण्याचा, दुकानाचा मॅनेजर, वय पस्तिशीचं. मालक नजीब बाहेरगावी असला की सगळा कारभार त्याच्याकडे. तसा तो वाईट माणूस नव्हता. महादेवच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा त्यानं स्वतः धुलाईखान्यात पेढे आणून वाटले होते. पण त्या दिवशी तो घाईत होता आणि गाडीतून उतरतानाच फोनवर कुणाला तरी "होईल, नक्की होईल" म्हणत होता.

"महादेव, ऐका. समुद्राकाठी नवीन हॉटेल होतंय, त्यांना चोवीस पांढरे बर्बर हवेत. सगळे एकसारखे. दहा दिवसांत."

"पांढरे नऊच हायेत, साहेब."

"म्हणूनच आलोय. बाकीच्या पंधरांचा रंग काढायचा." त्यानं गाडीतून उतरवलेल्या निळ्या कॅनकडे बोट दाखवलं. "स्ट्राँग ब्लीच आहे. क्रीम कलर आला तरी चालेल. वरून काळ्या रेघा मारून घेऊ. आणि मसूदाला सांगितलंय, चोवीसही कार्डांवर एकच मजकूर. बर्फाच्या डोंगरातला, बिनरंगाचा, आजीनं विणलेला."

महादेवला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "रंग काढायचा म्हंजे? रंग गेला की मग राहिलं काय, साहेब?"

"पांढरा गालिचा राहिला."

 महादेवनं कॅनमधलं ब्लीच चहाच्या जुन्या ग्लासात ओतलं, पांढऱ्या गालिच्याच्या कडेचा सुटलेला झुबका कापून त्यात टाकला आणि ग्लास विनीतसमोर ठेवला. दोघे बघत राहिले. लोकर आधी पिवळी पडली, मग मऊ, मग बुळबुळीत. थोड्या वेळानं महादेवनं काडीनं ढवळलं तर काडीला चिकट लगदा लागला.

"लोकर हाय ही. सुती चादर न्हाई. ब्लीचनं जळती."

"मग कमी वेळ ठेवा."

"कमी वेळ ठेवला तर आत्ता न्हाई, सहा महिन्यांनी फाटंल."

विनीतनं घड्याळ पाहिलं. "सहा महिने कुणाला हवेत? उद्घाटनाचे फोटो निघेपर्यंत टिकला तरी खूप झालं. नंतर ते दुसरे घेतील, आपल्याकडूनच घेतील."

महादेवनं ग्लास उचलून नाल्यात रिकामा केला. "साहेब, हे काम मी करणार न्हाई."

विनीतला आधी हसू आलं. "करणार नाही म्हणजे? तुम्हाला मत विचारलंय का मी? तुम्ही धुवायला आहात."

"धुवायला हाय. मळ काढतो मी. रंग म्हंजे मळ न्हवं."

"व्हिसा कुणाच्या नावावर आहे, माहीत आहे ना?"

"माहीत हाय."

विनीतनं शेडच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली. तिथं बासित नळीनं फरशी धूत होता. बासित पाकिस्तानातल्या मुलतानचा, चार वर्षं महादेवच्या हाताखाली शिकलेला. विनीतनं त्याला हिंदीत सगळं समजावलं. बासितनं ऐकून घेतलं, महादेवकडे पाहिलं आणि नळ बंद केला.

"उस्ताद ने मना किया है, साहब."

"उस्ताद तुझा पगार देतो का?"

"काम तो उसी ने सिखाया," बासित म्हणाला आणि हात पुसत बाहेर जाऊन उभा राहिला.

विनीतचा चेहरा लाल झाला. दोन साध्या कामगारांनी तोंडावर नाही म्हणावं, हे त्याला नवीन होतं. त्यानं शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि स्वतःच एक कॅन उलटा करून टाकीत ओतला. नाकाला झोंबणारा वास पसरला. सगळ्यात वर तो केशरी गालिचाच पडला होता. तो त्यानं ओढत नेला आणि त्याचं एक टोक टाकीत सोडलं.

महादेव धावला. हातमोजे शोधायला वेळ नव्हता. त्यानं कोपरापर्यंत हात टाकीत घातले, गालिचा मिठीत घेतल्यासारखा उचलला आणि फरशीवर आणला. "बासित, पानी!" बासितनं धावत येऊन नळी सोडली. दोघांनी कितीतरी वेळ ते टोक पाण्याखाली धरलं. टोकाकडचा वीतभर भाग फिका झाला होता, गाठी सैल पडल्या होत्या. बाकीचा गालिचा वाचला. महादेवच्या हातांची आग होत होती. कातडी लाल होऊन तट्ट फुगली होती.

"वेडे आहात का तुम्ही?" विनीत ओरडला.  "हात बघा आधी!"

"हात माझं हायेत, साहेब. गालिचा कुणा बाईचा हाय. डावखुऱ्या बाईचा. तिला इचारलंय का तुम्ही?"

 विनीत गाडीत बसून निघून गेला.

मसूदाला हे सगळं बासितनं फोनवर सांगितलं. तिच्यासमोर तेव्हा चोवीस कोरी कार्डं होती. तिनं त्यातलं एकही लिहिलं नाही. हॉटेलच्या सजावटीचं काम कनीज नावाची बहारीनी बाई बघत होती. तिचा नंबर ऑर्डरच्या कागदावर होता. मसूदानं तिला फोन लावला आणि अरबीत एवढंच सांगितलं की माल घेण्याआधी सित्राला येऊन डोळ्यांनी बघा.

कनीज दुसऱ्याच दिवशी आली. पन्नाशीची, बोलायला तुटक, हातात टॅबलेट. तिच्या गाडीच्या मागोमाग विनीतची गाडी. त्यानं महादेवला बाजूला घेतलं.

"महादेव, हात जोडतो. फक्त गप्प बसा. नजीब अरबाबला मी काय सांगू? माझ्या बायकोची नोकरी गेलीय, माझ्यावर घर चाललंय."

महादेवला त्याची कीव आली. खोटं वाटलं नाही. त्याच्या हातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. तो म्हणाला, "मी हून काय बोलणार न्हाई, साहेब. पर बाईनं इचारलं तर खोटं बोलणार न्हाई."

बाईनं विचारलंच. पांढरे नऊ बघून झाल्यावर ती म्हणाली, "बाकीचे?"

महादेव आणि बासितनं पंधरा रंगीत गालिचे एकेक करून फरशीवर पसरले. मसूदा पुढे झाली. हा अझिलालचा, हा बुजादचा, हा चिंध्यांचा, हा माझ्या भागातला, ताझनाख्तचा, असं ती अरबीत सांगत गेली. आवाज हळूहळू चढत गेला. शेवटी तिनं फिका पडलेला कोपरा उचलून दाखवला. कनीजनं महादेवच्या पट्ट्यांकडे पाहिलं, टाकीशेजारच्या कॅनकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "हे सगळे पांढरे करणार होतात?"

"मुझे बोला था," महादेव हिंदीत म्हणाला. "मैंने मना किया."

 विनीत टाकीकडे बघत होता.

कनीज गालिच्यांवरून नजर फिरवत म्हणाली, "माझ्या नकाशात पांढरेच आहेत. रंगीत मला नको आहेत, ते सुंदर आहेत म्हणून मी नकाशा बदलणार नाही. पण मारलेले गालिचेही नकोत. नऊ घेते. बाकीची ऑर्डर रद्द." आणि ती निघून गेली. जाताना तिनं मसूदाकडून ताझनाख्त हा शब्द पुन्हा एकदा म्हणवून घेतला, इतकंच.

नजीब परतला तो थेट धुलाईखान्यातच आला. त्यानं आरडाओरडा केला नाही. ऑफिसच्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाला, "खलास, महादेव. साइन."

कागद इंग्रजीत होता. महादेवनं बासितच्या फोनवर त्याचं भाषांतर करून घेतलं. त्यात लिहिलं होतं की कामगाराच्या हलगर्जीपणामुळे माल खराब झाला, म्हणून त्याला कामावरून काढण्यात येत आहे.

"ये झूठ है, अरबाब."

"साइन करो, टिकट देगा, घर जाओ."

"निकालना है तो निकालो. दुकान तुम्हारा है." महादेव उभाच होता. "पर हलगर्जी नहीं लिखना. जो हुआ वो लिखो."

नजीबनं कागद त्याच्याकडे सरकवला. महादेवनं पेन उचललं, बोटं अजून नीट वळत नव्हती. छापलेल्या ओळीवर त्यानं आडवी रेघ मारली आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'पंधरा गालिच्यांचा रंग काढायला मी नकार दिला, म्हणून मला काढलं. माल मी खराब केला नाही.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

"ये क्या लिखा?" नजीबनं विचारलं.

दारात विनीत उभा होता. त्याला वाचता येत होतं. त्यानं कागद घेतला. महादेवला वाटलं हा आता काहीतरी फिरवून सांगणार. पण विनीतनं जसं होतं तसंच इंग्रजीत वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. नजीबनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. विनीतनं मान खाली घातली नाही.

त्या संध्याकाळी महादेवनं घरी फोन लावला. बायको रखमानं नोकरी गेल्याचं ऐकून आधी विचारलं, "काय चुकलं का तुमचं?"

"न्हाई."

"मग आवाज का असा?"

"हात दुखत्यात," तो म्हणाला, आणि मग त्यानं तिला सुरुवातीपासून सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "या परत, नाहीतर दुसरं बघा. पर पाया पडाय जाऊ नका कुणाच्या."

तो म्हसवडला परत गेला नाही. मसूदानंही दुकान सोडलं. ती आणि बासित यांनी मिळून फोनाफोनी केली आणि मुहर्रकच्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्यानं महादेवला बोलावलं. नवीन व्हिसाचं काम व्हायला दोन महिने लागले, ते त्यानं बासितच्या खोलीत काढले. पंधरा रंगीत गालिचे उम्म अल हस्समच्या दुकानात गेले, आणि कार्डांवर ज्याच्या त्याच्या भागाचं नाव होतं, असं बासितनं सांगितलं. कुणी लिहिलं ते मात्र त्याला कळलं नव्हतं.

मुहर्रकच्या म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी महादेवला आपादमस्तक न्याहाळलं. हातांवरचे पांढरट डाग त्याला दिसले असावेत.

"जो बोलूँगा, सब करेगा?" त्यानं विचारलं.

"नहीं," महादेव म्हणाला. "जो ठीक लगेगा वो करेगा. जो नहीं लगेगा, पहले दिन ही बोल देगा."

 म्हाताऱ्यानं कोपऱ्यातला एक फाटका गालिचा ओढून त्याच्यासमोर टाकला आणि बसायला पाट सरकवला.