मोकळा कोपरा

रेगिनाने नवं जाकीट अंगात घातलं आणि आईपुढे पाठ करून उभी राहिली.

"बघ ना हात लावून. तुझीच नक्षी आहे."

तदोराला डोळ्यांनी आता फारसं दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. करड्या कापडावरचे लाल चौकोन, त्यांतले तारे, यांवरून तिची बोटं सावकाश फिरत गेली. शेवटच्या कोपऱ्यावर येऊन ती थांबली. पुन्हा फिरून तिथेच आली.

"हा कोपरा कुणी भरला?"

"मशीननं. तुझ्याकडून राहून गेला होता ना? मी कॉम्प्युटरवर पुरा केला."

"बरं केलंस," तदोरा म्हणाली आणि न जेवताच पलंगावर जाऊन पडली.

रेगिना गावातल्या भरतकामाच्या कारखान्यात नक्षी काढायची. म्हाताऱ्यांच्या पेट्यांतली जुनी नक्षी घ्यायची, तारा मोठा करायचा, दोन रांगा गाळायच्या, आणि मशीनच्या सुईला पचेल अशी करून द्यायची. मिन्स्कमधली पोरं तिची जाकिटं घालून मिरवत. तिला स्वतःच्या कामाचा अभिमान होता, आणि का नसावा? या खेपेला तिने आईच्या गाठोड्यालाच हात घातला होता. त्या मुलखात प्रत्येक म्हातारीच्या पेटीत तळाशी असं शेवटच्या दिवसासाठीचं गाठोडं असतं: कोरा रुमाल, नवे मोजे, पांढरा सदरा आणि शवपेटी ज्याच्या आधाराने कबरीत सोडायची तो भरतकामाचा लांबलचक पट्टा, रुश्निक. नवरा गेला त्या हिवाळ्यात तदोराने आपला भरला होता. भरताना डोळे दुखले असतील, म्हणून कोपरा राहिला, असं रेगिना धरून चालली होती.

सकाळी तदोराने गाठोडं काढून खुर्चीवर ठेवायला लावलं. चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. रेगिनाचा धीर सुटला.

"आई, दुखतंय का कुठे?"

"काही दुखत नाही. काम संपलंय, एवढंच."

"कुठलं काम?"

"अगं, आपल्यात आपला रुश्निक पुरा करत नाहीत. एक कोपरा ठेवायचा. मरण दारात आलं तर सांगता येतं, थांब बाबा, माझं काम अर्धं आहे. तू भरून टाकलास."

"जाकिटावर भरला, आई. तुझा रुश्निक आहे तसाच आहे."

"नक्षी तर माझीच ना? मरण काय कापड बघून येतं?"

रेगिनाला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली ती लहानशी पाठ बघून तिने जाकीट उचललं आणि कारखान्याची वाट धरली.

कारखान्याची मालकीण मिलाना तिच्यापेक्षा पुष्कळ लहान होती आणि तोंडाने फटकळ.

"रेगिनामावशी, जाकिटांवरचा कोपरा मोकळा सोडायचा? गिऱ्हाईक म्हणेल मशीन बिघडलंय."

"म्हणू दे."

"माल परत आला तर तू घालून फिरणार आहेस सगळी जाकिटं?"

"मग नक्षीच काढून टाक. माझ्या आईची आहे, मी परत नेते."

रेगिना कधी आवाज चढवत नसे. आजही चढवला नव्हता, पण मिलानाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "सोड बाई मोकळा," ती म्हणाली. "तुझी आई म्हणजे माझ्या आजीची बहीणच दिसते."

संध्याकाळी रेगिनाने नवं जाकीट आईच्या मांडीवर ठेवलं. तदोरा उठून बसली. बोटं फिरली, शेवटच्या कोपऱ्याला आली आणि तिथे नुसतं कापड लागलं. तिने तो कोपरा दोनदा चाचपला.

"टाके जरा सैल आहेत," ती म्हणाली. "बटाट्याची धिरडी करतेस? साय घाल वर. आणि ते गाठोडं ठेव जागेवर, खुर्ची अडवून बसलंय."

त्यानंतर नवा माल निघाला की एक जाकीट आधी तदोराच्या मांडीवर यायचं. ती कोपरा तपासायची, टाक्यांना नावं ठेवायची आणि जेवायला बसायची. अशी काही वर्षं गेली.

सफरचंदं उतरली त्या आठवड्यात ती झोपेतच गेली.

शेजारच्या बायका तिला आंघोळ घालत होत्या तेव्हा रेगिना आईचा रुश्निक मांडीवर घेऊन खिडकीशी लाल दोरा ओवत बसली होती. माउस धरून धरून बोटं सुई विसरली होती. टाके वेडेवाकडे पडत होते. दोनदा उसवून तिने पुन्हा घातले. "सावकाश कर," त्यांच्यातली पेलागेयामावशी म्हणाली, "तुझं होईपर्यंत ती थांबेल." शेवटची फुली घालताना रेगिनाला रडू फुटलं, आणि तिने ती रडतरडतच घातली.

त्या रुश्निकवरून आईला खाली सोडलं.

परतताना मिलाना तिच्या बरोबरीने चालत होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, आता जाकिटांवरचाही भरायचा का तो कोपरा?"

पुढे बसथांब्यावर एक मुलगी त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. अंगात करडं जाकीट, हातात पाव, मैत्रिणीशी काहीतरी बोलून खिदळत होती. लाल ताऱ्यांच्या खाली तिच्या पाठीवरचा कोपरा मोकळा होता.

"नको," रेगिना म्हणाली. "राहू दे."

बस आली आणि ती मुलगी चढून गेली.