हवं ते करू द्या

मुलुंडच्या सबनीसांच्या घरात मालनला कुणी काही सांगत नसे. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप आला, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली, आणि घराने तिला जपण्याचा विडाच उचलला. १९५५ साली ती अडतिशीची झाली, तरी तिच्या हातात विळी द्यायची नाही, तिच्यादेखत भांडायचं नाही. वडील गावी वारले तेही तिला तेराव्यानंतर कळलं. असलं जपणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

ती खोलीत शिरली की बोलणं थांबे, आणि तिच्या छातीत धडधड सुरू होई.

घाटकोपरच्या डॉक्टर रोझारिओंनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. "झडप दहा वर्षांपूर्वी होती तशीच आहे. धडधड कधी होते?"

मालनने आठवून पाहिलं. "सगळे गप्प झाले की."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिच्या थोरल्या भावाला, जयवंतला, चिठ्ठी लिहिली आणि तिला वाचून दाखवली. 'औषध वाढवून उपयोग नाही. मालनबाईंना हवं ते करू द्या, अडवू नका. घरच्यांनी त्यांच्याजवळ बसून बोलावं.'

पुतणीला बघायला मंडळी येणार आहेत, हे मालनला शेजारणीकडून कळलं होतं. आता असलं सगळं घरातूनच कळेल, या आनंदात ती स्टेशनपासून चालत आली आणि धाप लागायची विसरली.

जयवंतने चिठ्ठी दोनदा वाचली, आत जाऊन दार लोटलं. दार पातळ फळीचं, बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टरांनी हात टेकले गं," तो बायकोला म्हणाला. "हवं ते करू द्या, म्हणतात. आईच्या वेळीही शेवटी हेच सांगितलं होतं."

"वन्संना कळू द्यायचं नाही," अनुपमा रडत म्हणाली.

मालनने दार ढकललं. "दादा, मी बरी आहे. चिठ्ठी मला वाचून दाखवलीय त्यांनी."

"बरीच आहेस तू," म्हणत त्याने तोंड फिरवलं.

संध्याकाळी तिने विळी मागितली. कुणी नाही म्हटलं नाही. अनुपमाने विळी आणि वांगी पुढ्यात ठेवली. मालन चिरू लागली. भाऊ, वहिनी, पुतणी भिंतीला टेकून नुसते बघत होते. तिच्या छातीत धडधड सुरू झाली.

"बोला ना कुणीतरी," मालन म्हणाली.

जयवंत पाणी आणायला धावला.