पंप नादुरुस्त होता म्हणे

मी ट्रेलर पंप बोलतोय. लोक मला बंब म्हणतात, पण तो मान जरा जास्तच झाला. खरा बंब स्वतःच्या इंजिनावर पळतो. मी दोन चाकांचा, जीपच्या मागे अडकवून न्यायचा. एका तोंडाने पाणी ओढायचं, दुसऱ्याने फेकायचं, एवढंच माझं काम. तेही आता संपलं. खरं सांगायचं तर मी दमलोय.

१९७४ साली मी तारापूरच्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो. बोईसरला कारखाने उभे राहत होते, आणि कारखाने नि किनाऱ्यावरची गावं मिळून आग विझवायला आम्हीच. जीपचा ड्रायव्हर सोडला तर पगारी माणूस एकच, मासवणचा दामू फायरमन. बाकी सगळे स्वयंसेवक. भोंगा वाजला की कोणी मशीन सोडून येई, कोणी जाळं सोडून. घिवलीचा महादू मांगेला त्यातला पहिला. कारखान्यातला रामकिसन दुसरा.

स्वयंसेवक आग विझवून घरी जात. दामूचं काम तेव्हा कुठे सुरू होई. नळ्या धुऊन वाळत घालायच्या. खाडीचं खारं पाणी ओढलं असेल तर गोड्या पाण्याने माझं पोट धुवायचं, नाहीतर मला गंज चढतो. मग रिपोर्ट लिहायचा. रविवारी नव्या पोरांना शिकवायचं. आणि रोज सकाळी सातला हँडल मारून मला पाच मिनिटं चालवायचं. एका फटक्यात चालू झालो की तो माझ्या टपावर थाप मारी. त्या थापेसाठी मी थंडीतसुद्धा कुरकुर केली नाही.

आग विझली की गाव महादूच्या गळ्यात हार घाली. दामूचं नाव निघालंच तर लोक म्हणत, "त्याला काय, त्याला पगार मिळतो." दामू ऐकून घेई आणि नळ्या गुंडाळत राही. पण ते त्याला लागायचं. पंपाचं ज्ञान फक्त आपल्याला, बाकीचे हौशी, असं तो हळूहळू मनात धरून बसला. मला दिसत होतं. मी काय सांगणार?

१९८३ च्या वैशाखात, दुपारी चार वाजता, घिवलीत जाळ्यांच्या खोपीला आग लागली. नायलॉनची जाळी ती, धडाडून पेटली. शेजारी भिंतीला भिंत लागून घरं. दामूने मला खाडीच्या काठाला उभं केलं, जाड पाईप पाण्यात सोडला आणि हँडल मारलं. मी लगेच पाणी खेचलं. महादू नळी घेऊन खोपीच्या दारात घुसला, रामकिसन त्याच्या मागे.

महादूची आई येसूबाई काठावर उभी होती. तिने आगीकडे नाही, पाण्याकडे पाहिलं.

"दामूदादा, आज बीज हाय. दीडलाच भरती झाली. पानी उतरतंय, पाईप पुडं टाक."

पाईप हलवायचा तर मला बंद करावं लागणार, दोन-तीन मिनिटं पाणी तुटणार. तरी आत निरोप देऊन, महादूला बाहेर बोलावून ते करता आलं असतं. पण समुद्रापासून आत, मासवणला वाढलेल्या माणसाला विहीर ठाऊक, नदी ठाऊक. समुद्र तासात एवढा मागे जातो हे त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं.

"मावशी, बाजूला व्हा," दामू म्हणाला. "माझं काम मला कळतं."

थोड्याच वेळात पाईपचं तोंड उघडं पडलं. माझ्या घशात पाण्याऐवजी चिखल आणि वारा आला. मी जीव तोडून किंचाळलो. नळी लुळी पडली. दारात उभ्या महादूच्या उजव्या हातावर वरून वितळलेलं नायलॉन गळलं. रामकिसनने "पानी बंद हो गया!" म्हणत त्याला कमरेला धरून बाहेर ओढलं. दामूला पंप सोडून धावताही येईना. त्याने चिखलात उतरून पाईप पुढे टाकला, मला पुन्हा चालू केलं. घरं वाचली. महादूची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

दुसऱ्या दिवशी दामू रिपोर्टाच्या वहीपुढे तासभर बसला. दोन मुलं, घरात तो एकटा मिळवता. शेवटी त्याने लिहिलं, "पंप ऐनवेळी नादुरुस्त झाला." लिहून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं. राग नाही आला, वाईट वाटलं.

आठवड्याने येसूबाई मासळीची पाटी घेऊन शेडवरून जात होती. दामूने तिला थांबवून विचारलं, भरती कशी ओळखायची. ती त्याला एका शब्दानेही टाकून बोलली नाही. "तिथीची पाऊनपट कर. बीज तर दीड, चवथ तर तीन. दिवसाला येकदा, रातीला येकदा," म्हणाली आणि चालू लागली. त्या दिवसापासून दामू मला चालवून झालं की शेडच्या दारावर खडूने तिथी आणि भरतीची वेळ लिहू लागला. तेरा वर्षं. एक दिवस चुकला नाही.

आता शेडमध्ये मोठा बंब आला आहे, स्वतःचं पाणी बाळगणारा. साहेबांनी जुनी वही चाळली. "हा पंप त्र्याऐंशीपासूनच नादुरुस्त दिसतोय," म्हणाले आणि मला भंगारात काढलं. दामू तिथेच उभा होता. त्याने वही मिटून जागेवर ठेवली.

आज दुपारी महादू मला बघायला आला. जाळं ओढता येत नाही म्हणून तो बर्फाच्या गाडीवर बसतो, पण रविवारी नव्या पोरांना नळी धरायला अजून शिकवतो. दामू बराच वेळ माझं पितळ पुसत राहिला. मग म्हणाला, "महादू, पंप बिघडला नव्हता."

"ठावं हाय. आयनं तवाच सांगितलं."

"मग तू बोलला का नाही कधी?"

महादूने दाराकडे पाहिलं. खडूवर खडू चढून ते पांढरं झालं होतं. "तू रोज लिवत व्हतास ना," तो म्हणाला.

दामू खाली बसला आणि रडला. मग उठून वही घेऊन साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "आता काय फरक पडतो दामू? दोन महिन्यांनी तूही रिटायर." ती ओळ तशीच राहिली.

उद्या सकाळी ट्रक येईल. भंगारवाले दादा, मला तोडायला माझी ना नाही, लोखंडही थकतं. फक्त घण उचलण्याआधी हँडलला एक फटका मारून बघा, दामू रोज मारायचा तसा. मी चालू होईन. ते ऐका, आणि मग खुशाल तोडा.