रंग न धरलेला धागा

गल्लीत त्यांना सगळे टेलरबाई म्हणत. पंचवीस वर्षं मशीन चालवणाऱ्या या बाईंच्या एकुलत्या एका लेकीने जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक पायघोळ झगा उचलला, आणि त्याचं रूप बदलून घ्यायला गेली कुठे, तर बापाच्या दुसऱ्या बायकोकडे!

"मावशीकडे रंगवायला मोठं पातेलं आहे. दोन दिवसांत येते," एवढंच सांगून गेली.

पातेलं! टेलरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दोन दिवसांत त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. नवरा त्या बाईकडे गेला तेव्हा झालं नव्हतं एवढं आता होत होतं. नवऱ्याचं एक वेळ ठीक, पण पोटच्या पोरीने आपण होऊन तिचा उंबरा चढावा?

लेक परतली ती तो झगा अंगात घालूनच. कळकट पिवळ्या झग्याचा गुडघ्यापर्यंतचा गर्द निळा फ्रॉक झाला होता. फुगीर बाह्या गेल्या होत्या, कंबर नेटकी बसली होती, काखेतले जुने डाग रंगात पार बुडाले होते. पोरगी अशी काही खुलून दिसत होती की टेलरबाईंनी चालतं मशीन थांबवलं. मग त्यांची नजर शिवणीवर गेली. कापड निळं, धागा मात्र पांढराफटक.

"सुती कापडाला पॉलिएस्टरचा धागा? त्याला रंग चढेल कसा? एवढंही कळत नाही तुझ्या मावशीला?" बाईंच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

लेकीने फ्रॉक बदलून खुर्चीवर टाकला आणि अंघोळीला गेली. बाईंनी तो मांडीवर ओढला, कात्री घेतली आणि कंबरेची शिवण उसवायला घेतली. टाक्यागणिक जीव थंड होत होता.

"आई! काय केलंस हे?" लेक ओल्या केसांनी दारात उभी.

"नीट करून देते. तिच्या हाताला वळण नाही."

"तिच्या नाही, माझ्या. सगळा मी शिवलाय."

कात्री थांबली. "मग ती काय करत होती?"

"समोर बसून भाजी निवडत होती. तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

"घरात दोन मशिनी असताना तिकडे जाऊन शिवलास?"

"इथे दुसरा टाका घालायच्या आत तू माझ्या हातातून काढून घेतेस, आई. लहानपणापासून."

बाईंनी कात्री बाजूला ठेवली. उठल्या, खणातून गर्द निळ्या धाग्याचं रीळ काढलं आणि मशीनवर ठेवलं. "बस."

"तू जरा लांब बस."

त्या इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन बसल्या. हातांना काम नव्हतं, म्हणून हात मांड्यांखाली दाबून धरले. कंबरेपाशी शिवण चळली. 'अगं' ओठांवर आलं, ते त्यांनी गिळलं.

"वाकडी गेली का गं?"

"थोडी."

"उसवू?"

"तुझं तू ठरव."

लेक हसली आणि तशीच पुढे शिवत गेली. टेलरबाईंच्या कपाळावर घाम आला होता. भाजी निवडत नुसतं बसून राहणाऱ्या त्या बाईचा एवढा हेवा त्यांना कधीच वाटला नव्हता.